सातबाऱ्यावर नसलेले नाव

महाबळेश्वरला लोक उन्हाळ्यात जातात. स्ट्रॉबेरी खातात, घोड्यावर बसतात, वेण्णा तलावात नावेतून एक फेरी मारतात आणि परतताना पाचगणीला थांबून जॅमच्या बाटल्या घेतात. लग्न झाल्यावर आम्हीही तसेच गेलो होतो. पण दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत, भर पावसात मी महाबळेश्वरला निघालो तेव्हा सौ.ने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिले. "या दिवसांत तिथं काय बघायचंय? हातभर अंतरावरचं दिसत नाही म्हणे," ती म्हणाली. मी म्हटले, "एका जुन्या कर्जाची वसुली आहे." बँकेतून निवृत्त होऊन मला आता सात-आठ वर्षे झाली. त्यामुळे तिने ते थट्टेवारी नेले. पण ते अगदीच खोटे नव्हते. कर्ज खरोखरच होते. फक्त ते माझ्याकडून वसूल व्हायचे होते.

गोष्ट १९९४ सालची. मी तेव्हा सांगलीच्या एका शाखेत अधिकारी होतो आणि घरकर्जांचे टेबल माझ्याकडे होते. एके दिवशी एक शाळामास्तर आले. भाड्याच्या दोन खोल्यांत आई, पत्नी आणि दोन मुली असा संसार. गावाबाहेर नव्याने पडलेल्या प्लॉटांपैकी एक त्यांनी घेतला होता, कारण तिथला दर इतर भागांपेक्षा बराच कमी होता. दीड लाखाचे कर्ज हवे होते. मास्तरांचे कागद त्यांच्या अक्षरासारखेच चोख. पगाराचा दाखला, दोन जामीन, बिगरशेतीचा आदेश, सातबाऱ्याचा उतारा आणि वकिलांचा तीस वर्षांचा शोध अहवाल. या तीस वर्षांत जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, तिच्यावर कोणाचा बोजा आहे का, हे सारे त्या अहवालात असते.

रिवाजाप्रमाणे मी जागा पाहायला गेलो. शेजारी उसाचा फड होता आणि बांधावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझ्या हातातली फाइल पाहून ते म्हणाले, "सायेब, हितं पानी येतं बरं का."

"कधी आलं होतं, आजोबा?"

"माझ्या आज्याच्या येळंला. हितनं नाव चालली हुती म्हनायचा."

मी हसलो. आजोबांच्या आजोबांची गोष्ट! आमचा शोध अहवाल तर तीसच वर्षे मागे जात होता. परत येऊन मी पाहणीच्या कागदावर लिहिले, 'जागा समतल, रस्त्यालगत, बांधकामास योग्य.' खाली सही केली. पुढे मास्तरांच्या वास्तुशांतीला जाऊन पुरणपोळीही जेवून आलो.

२००५ च्या पुरात मास्तरांच्या घरात मांडीएवढे पाणी शिरले. मी तेव्हा बदलीवर दुसऱ्या जिल्ह्यात होतो, वर्तमानपत्रातले फोटो पाहून हळहळलो आणि कामाला लागलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र मी निवृत्त होतो, सवड होती. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी सांगलीला गेलो. मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर चिखलाची सरळ रेघ उमटली होती, विजेच्या बटणांच्याही वर, माझ्या डोक्याच्या वर. दारात गाद्यांचा ढीग, धान्याचा आंबूस वास, दोरीवर वाळत घातलेले मुलींच्या लग्नाचे फोटो. मास्तरांनी शेजारच्या घरून चहा मागवला. मग एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक कागद काढून माझ्यापुढे धरला. कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा दाखला. शाई फुटून त्यावरचे काही वाचता येत नव्हते. "तुमचं कर्ज २००९ मध्येच फिटलं, साहेब," ते म्हणाले, "नदीचं मात्र अजून फेडतोय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. मी काय लिहून सही केली होती हे त्यांना ठाऊक नव्हते, मला होते. त्या दिवसापासून हे पाणी येते तरी कुठून, या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एरवीही घरचे लोक रिकामटेकडाच समजतात. मी नकाशे, पर्जन्यमानाचे तक्ते आणि समित्यांचे अहवाल वाचू लागलो, आणि शेवटी छत्री घेऊन महाबळेश्वरच्या एसटीत बसलो.

कौलारू घराला जसे आढे असते, तसा सह्याद्री हे या प्रदेशाचे आढे आहे. त्याची कोकणाकडची पाख उभी, जवळजवळ तुटलेली. देशाकडची पाख पसरट, लांबवर उतरत जाणारी. आढ्यावर पडलेला थेंब कोणत्या बाजूला घरंगळेल हे बोटभर अंतरावर ठरते. भूगोलाच्या पुस्तकात या रेषेला जलविभाजक म्हणतात. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात हे अगदी मूर्तिमंत पाहायला मिळते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांची उगमस्थाने तिथे एका छपराखाली मानली आहेत. (कोल्हापूरची पंचगंगा नदी ती वेगळी, तिच्याकडे आपण नंतर येऊ.) यांतली सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि जेमतेम शंभर किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात जाते. सख्ख्या बहिणी एका घरातून निघाल्या, एक पलीकडच्या आळीत दिली आणि एक परमुलखात, तशातली गत.

या आढ्यावर पाऊस इतका का पडतो? समुद्रावरून आलेले बाष्पाने जड झालेले नैऋत्येचे वारे या भिंतीवर आदळतात. पुढे जायला वाट नसते, म्हणून ते वर चढतात. वर चढले की हवा थंड होते, हजार मीटरला साधारण सहा अंशांनी. थंड हवेला बाष्पाचे ओझे पेलवत नाही आणि ती ते तिथेच टाकून देते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून अधिक उंचावर, बरोबर या भिंतीच्या काठावर बसले आहे. तिथे वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. तिथून वीस किलोमीटरांच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशही पडत नाही. घाट उतरून वाईला आलात की तो सात-आठशे मिलिमीटरवर येतो आणि सांगलीपर्यंत पोचेतो पाच-सहाशेवर. भिंत ओलांडलेला वारा खाली उतरताना पुन्हा तापतो, ढग विरळ होतात. एसटीच्या खिडकीतून मला हे नुसते दिसले नाही, अंगावर जाणवले. वाईला शर्ट वाळत होता, पसरणीच्या घाटात दमट झाला आणि महाबळेश्वरच्या स्थानकावर उतरलो तेव्हा छत्री उलटी झाली होती.

आता एक आकडा सांगतो. २०२१ च्या २२ जुलैच्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे सांगलीला जेवढा पाऊस पडायला वर्ष लागते, तेवढा तिथे एका दिवस-रात्रीत पडला. हे पाणी दोन्ही पाखांवरून खाली आले. पण खाली येण्याची तऱ्हा मात्र दोन्हीकडे सर्वस्वी निराळी.

पश्चिमेकडे कडे आणि लगेच सखल पट्टी. सावित्रीचे पाणी काही तासांत महाडला येऊन थडकते. काळ आणि गांधारी या नद्याही महाडच्या आसपासच सावित्रीला मिळतात. शिवाय खाडीतून समुद्राची भरती वर चढते. वरून लोंढा आणि खालून भरती अशी गाठ पडली की पाण्याला जायला वाव उरत नाही. २०१६ च्या २ ऑगस्टला रात्री सावित्रीवरचा ब्रिटिश आमदानीतला दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या, हे वाचक विसरले नसतील. २०२१ च्या त्या जुलैत महाड आणि चिपळूण बुडाले. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. कोकणातला पूर असा दरोडेखोरासारखा येतो, रात्रीतून घर लुटतो आणि जातो.

देशावरचा पूर सावकारासारखा येतो. पायरीपायरीने चढतो, दारात बसून राहतो आणि दिवसचे दिवस उठायचे नाव घेत नाही. याचे कारण उतारात आहे. महाबळेश्वरहून वाईला येईपर्यंत, तीसेक किलोमीटरांत, जमीन सहाशे मीटर खाली येते. वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर आणि सांगली साडेपाचशेवर. म्हणजे पुढच्या दीडशेहून अधिक किलोमीटरांत फक्त दीडशे मीटर. सांगलीपासून खाली कर्नाटकाकडे जाताना तर उतार आणखीच मंदावतो. धावत आलेल्या माणसाने गर्दीच्या फलाटावर येऊन अडकावे तसे पाणी इथे येऊन तुंबते, पात्र सोडते आणि शेतांमधून पसरते. नदीकाठची मळीची काळी जमीन याच पसरण्याने तयार झाली. उसाचे ते हिरवे वैभव हे जुन्या पुरांनी मागे ठेवलेले ठेवच आहे. ठेव घेताना आनंद होतो, ठेवीदार दारात आला की मात्र आपण दचकतो.

त्यातून इथे ठेवीदार एकटा येत नाही. कोयना ही घाटमाथ्याला लावलेली पन्हळच आहे. महाबळेश्वरहून निघून ती सह्याद्रीला समांतर, साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला वाहते. म्हणजे एवढे अंतर ती सर्वाधिक पावसाच्या पट्ट्याखालूनच चालते. मग हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते. पुढे सांगलीच्या खाली हाकेच्या अंतरावर, हरिपूरला, वारणा येऊन मिळते. वारणा फुगली की कृष्णेचे पाणी मागे सांगलीच्या घाटांवर चढते. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन ती कोल्हापूरवरून येते. या साऱ्या नद्यांचे उगम सह्याद्रीच्या एकाच चिंचोळ्या पट्ट्यात आहेत. पावसाचा मोठा झोत त्या पट्ट्यावर आला की त्या सगळ्या एकाच आठवड्यात भरतात. वाडीजवळ कृष्णा उंच असेल तर पंचगंगेला दार बंद आणि कोल्हापूरचे पाणी हलायला तयार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ मध्ये पंचगंगा तिथे ५५ फुटांवर गेली आणि २०२१ मध्ये ५६ फुटांवर. सांगलीच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये कृष्णा तिथे ५३ फुटांच्या वर गेली होती, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर. मास्तरांच्या भिंतीवरची रेघ मांडीवरून डोक्यावर गेली ती अशी.

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही. वाचकांनी थोडी कळ सोसावी. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण दीड बादली. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक टीएमसी पाणी दिवसभरात सारख्या धारेने सोडायचे तर ती धार साडेअकरा हजार क्युसेकची होते. आता कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर आहे. त्यावर सर्वत्र १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि जमीन आधीच भिजून चिंब असल्याने तो सगळा वाहून आला, तर होतात तीन टीएमसीहून थोडे अधिक. ३०० मिलिमीटर झाला तर साडेनऊच्या आसपास. अशा दिवशी धरण काठोकाठ भरलेले असेल, तर आलेले पाणी तसेच पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नाही. ती धार होते लाख क्युसेकच्या वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच घडले. त्यात धरणाच्या खालच्या मोकळ्या खोऱ्यात पडलेला पाऊस निराळा. त्याला तर कोणतेच दार नाही.

"मग धरण आधी रिकामे का ठेवले नाही?" हा प्रश्न मीही तावातावाने विचारीत असे. पण बँकेचा रोखपाल आठवला आणि जरा शांत झालो. तिजोरीत रोकड जास्त ठेवली तर व्याज बुडते आणि कमी ठेवली तर एखाद्या दिवशी दारात रांग लागते. कोयना धरण १९६० च्या दशकात बांधले गेले ते मुख्यतः विजेसाठी. त्याची क्षमता १०५ टीएमसी. त्यातले पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडून वीज तयार करतात आणि ते पुढे वाशिष्ठीला जाते. पाऊस सप्टेंबरात संपतो आणि पुढचे आठ महिने वीज आणि शेती याच साठ्यावर चालते. जुलैत धरण अर्धे रिकामे ठेवले आणि नंतर पाऊस रुसला, तर त्याच अधिकाऱ्याला आपण उन्हाळ्यात जाब विचारणार. ही अडचण खरी आहे. मात्र जुलैच्या शेवटी धरणे भरत आली असताना आणि पुढे अतिवृष्टीचा अंदाज असताना किती जागा मोकळी ठेवायची, हा हिशेब आता जुन्या सवयीने करून चालणार नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा आवडता प्रश्न आलमट्टीचा. सांगलीत कोणत्याही चहाच्या टपरीवर पुराचा विषय काढा, तिसऱ्या वाक्याला आलमट्टी येते. त्या धरणाची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६ मीटर आहे आणि ती ५२४ मीटरच्या वर नेण्याचा कर्नाटकाचा मानस आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० च्या निवाड्यात त्याला मोकळीक दिली, महाराष्ट्राचा विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. तिने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात २०१९ चा पूर आलमट्टीच्या फुगवट्याने आलेला नाही असे म्हटले, आणि अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. सांगलीकरांना हे पटलेले नाही, आणि उंची वाढली तर उद्या काय, ही त्यांची शंका काही बिनबुडाची नाही. पण मला एक सारखे वाटत राहते. आलमट्टी नदीच्या वाटेने सांगलीपासून दोनशे किलोमीटरांहून दूर आहे आणि मास्तरांचा प्लॉट नदीपासून हाकेच्या अंतरावर. दूरच्या माणसाला दोष देणे नेहमीच सोपे असते. त्याच्या कागदांवर आपली सही नसते.

डोंगरउतारावरची झाडे तोडली म्हणून पूर आले, असेही म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण पुरते नाही. रान राखले की माती धरून राहते, गाळ कमी येतो, लहान पावसाचे पाणी मुरते आणि नदी उन्हाळ्यात थोडी अधिक जगते. उतार फोडून रस्ते आणि बंगले उठवले की दरडींना निमंत्रण मिळते, हेही उघड आहे. मात्र आठवडाभराच्या झडीने तट्ट भिजलेल्या डोंगरावर आणखी ३०० मिलिमीटर पडले, तर घनदाट रानालाही ते पेलवत नाही. रान हवेच, पण रान लावले की नदीकाठच्या घराला अभय मिळाले असे कोणी समजू नये.

आता पाऊसही बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोंढे त्यामागे आहेत. समुद्र तापतो आहे, तापलेली हवा अधिक बाष्प उचलते, आणि ते उतरवून ठेवायची जागा म्हणजे आपला घाटमाथा. महिनाभर रिमझिमणारा पाऊस चार दिवसांत उरकू लागला, तर वर्षाची बेरीज तीच राहूनही नदीचे वागणे पार बदलते. खात्यात वर्षाला किती रक्कम जमा झाली याला बँकेत महत्त्व असेल, पण नदीच्या हिशेबात ती कोणत्या दिवशी जमा झाली याला अधिक आहे.

हे सारे वाचताना मला राहून राहून जुन्या माणसांचे नवल वाटत होते. कृष्णाकाठची जुनी गावठाणे पाहा. घरे पांढरीत, म्हणजे उंचवट्यावर. शेते काळीत, म्हणजे सखल भागात. पाणी आले तर पीक जाईल, माणूस जाणार नाही, असा तो साधा करार होता. नृसिंहवाडीचे मंदिर तर नदीच्या घाटावरच आहे. दरवर्षी पाणी चढते, गाभाऱ्यात शिरते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नानाला येतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वर हलवतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यात दिसली ती एक समजूतदार वास्तू. येणाऱ्याला यायला वाट ठेवली आहे आणि जायलाही. आपण पांढरी सोडून काळीत उतरलो, ओढे बुजवले, आणि पाण्याला यायला वाट ठेवली, जायला नाही.

यावर शासनाने एक उपाय फार पूर्वी करून ठेवला आहे. नदीकाठच्या नकाशांवर दोन पूररेषा आखतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मध्ये अटी पाळून. 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द मात्र फसवे आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, एकदा येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत चिंता नाही. खरा अर्थ एवढाच, की कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. वीस वर्षांच्या घरकर्जाला हे लावून पाहा. लाल रेषेवरच्या घरात त्या मुदतीत निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता शंभरात अठरा निघते. निळ्या रेषेवरच्या घरात ती निम्म्याहून अधिक, शंभरात छप्पन्न. माझ्या टेबलावर कोणी असा कर्जदार आणला असता, ज्याची बुडण्याची शक्यता शंभरात छप्पन्न आहे, तर मी त्याला पाणी पाजून परत पाठवले असते. आणि या रेषाही आजवरच्या पुरांवरून आखलेल्या. पाऊसच बदलतो आहे, तर उद्या त्या आणखी सरकतील.

महाबळेश्वरला मी दोन दिवस होतो. दुसऱ्या दिवशी पावसाने घटकाभर उसंत घेतली आणि धुक्यातून खालचे कृष्णेचे खोरे दिसले. सगळ्या डोंगरावरून पांढऱ्या धारा लोंबत होत्या. त्यातल्या एकीलाही नाव नव्हते. त्या धारांकडे पाहताना माझ्या मनात तो १९९४ चा सातबारा आला. मालकाचे नाव, पिकाचे नाव, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. सगळे होते. ज्या नदीने ती जमीन मुठीमुठीने आणून टाकली आणि जी अधूनमधून ती पाहायला येते, तिचे नाव कोणत्याच रकान्यात नव्हते. उसाच्या बांधावरच्या त्या म्हाताऱ्याने ते मला तोंडी सांगितले होते. मी ते कागदावर उतरवले नाही.

गेल्या दिवाळीनंतर मास्तरांच्या धाकट्या मुलीचा फोन आला. ती नवऱ्यासह पुण्यात असते. "काका, आम्ही फ्लॅट बघितलाय. बाबा म्हणाले, कागद तुम्हाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही." गॅलरीतून नदी दिसते, असे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापले होते. मुठाही याच आढ्यावरून उतरते, आणि २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी शिरले ते सगळ्यांनी पाहिले आहे. मी तिला म्हटले, "कागद मग बघू. आधी पालिकेतून नकाशा काढ आणि निळी रेषा कुठं आहे ते बघ. मी रविवारी येतो."

रविवारी आम्ही तिघे जागेवर गेलो. विक्री विभागातला तरुण फार अदबीने बोलत होता. त्याचे सगळे ऐकून घेतले आणि मग रस्त्यापलीकडे एक सायकल दुरुस्तीचे जुने दुकान होते तिकडे गेलो. दुकानातले आजोबा चाकाची हवा पाहत होते. त्यांना विचारले, "आजोबा, इथं पाणी कुठवर येतं?"

त्यांनी पाना खाली ठेवला, बाहेर आले आणि विजेच्या एका खांबाकडे बोट केले. या वेळी मी हसलो नाही. खिशातून वही काढली आणि तिथेच उभा राहून लिहून घेतले.